नॉख माल, बिटऽ! ऑनलाइन तासात आपला आवाज नेमका गळतो कुठे

'नॉख माल, बिटऽ' म्हणजे जर्मनमध्ये 'पुन्हा एकदा म्हणा'. हे शब्द मी चार महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी इतक्यांदा ऐकले की आमच्या सौ. स्वयंपाकघरातून शिकवणाऱ्या बाईंच्या आधीच म्हणू लागल्या. मी वाक्य संपवायचो, आतून आवाज यायचा, 'नॉख माल!' आणि दोन सेकंदांनी लाइपझिगहून बाई तेच म्हणायच्या.

बडोद्याजवळच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या कामात, काढून मी निवृत्त झालो. लेक-जावई जर्मनीत आहेत. नात साडेचार वर्षांची आहे. तिला मराठी कळतं सगळं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. म्हणून २०२४ च्या जूनमध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, जर्मन शिकायला बसलो, आणि सप्टेंबर येईतो माझी खात्री पटली की या वयात जीभ वळत नाही. सोडणारच होतो.

सोडलं नाही ते धंद्यातल्या एका जुन्या सवयीमुळे. कंट्रोल रूममध्ये टाकीचं प्रेशर वेडंवाकडं दिसलं की टाकीवर संशय नंतर घ्यायचा, आधी लूप तपासायचा, म्हणजे टाकीपासून स्क्रीनपर्यंत सिग्नल येतो ती सगळी वाट: ट्रान्समीटर, केबल, जंक्शन बॉक्स, कार्ड. हा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो, शून्यापासून सुरू होत नाही. ४ आले तर रीडिंग खरंच शून्य आहे, आणि काहीच आलं नाही तर वायर तुटली आहे, असा फरक लगेच कळतो. ऑनलाइन तासात ही सोय नाही. बाई गप्प बसल्यात की लाइन मेली, तुमचा 'श' चुकला की वाटेत सांडला, हे स्क्रीन सांगत नाही. सगळा दोष आपोआप जिभेच्या खात्यात जमा होतो.

आमच्या गावात परकी भाषा शिकणं तसं नवं नाही. अरविंद घोष, पुढचे योगी अरविंद, इथल्या बडोदा कॉलेजात १८९७ च्या सुमारास फ्रेंच शिकवायचे. त्यांच्या वर्गात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये फक्त हवा होती. माझ्या वर्गात मोजलं तर नऊ गोष्टी निघाल्या. त्यातल्या ज्यांनी मला छळलं त्यांची ही हकिकत. तुम्ही फ्रेंच, जपानी, स्पॅनिश काहीही शिकत असाल तरी लूप हाच आहे.

आधी एक अभंग लावा

लॅपटॉपला ब्लूटूथ इअरफोन जोडा आणि टाळ-झांजा खणखणीत असलेला एखादा अभंग सुरू करा. तो चालू असताना झूममध्ये नवी मीटिंग उघडून माइक सुरू करा. टाळ एकदम बोथट झाले, बुवा जणू डब्यात तोंड घालून गाताहेत असं वाटलं, किंवा गाणं बंदच पडलं, तर तुमच्या निम्म्या 'नॉख माल'चं कारण सापडलं.

नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनला दोन रस्ते असतात. गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो, तो रस्ता रुंद आणि स्टिरिओ. पण इअरफोनचाच माइक वापरायला घेतला की तो दुसऱ्या, फोनवर बोलायच्या रस्त्यावर जातो. हा दुतर्फा आणि अरुंद. जुन्या पद्धतीत इथे आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित पद्धतीत १६,०००. नमुने जितके घेतले त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज टिकतो. म्हणजे जुन्या पद्धतीत ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं साफ. आणि 'स'ची बरीचशी ताकद नेमकी त्याच्या वर असते. 'फ'चीही तीच गत. 'श' जरा खाली असतो म्हणून निदान ओळखू तरी येतो.

मराठीत बोलताना हे जाणवतच नाही. 'भाजी आणायला _ंडईत जातो' असं ऐकू आलं तरी आपण मंडईत पोचतो, कारण भाषा आपली असते आणि गाळलेली जागा डोकं भरून काढतं. परक्या भाषेत भरायला डोक्यात साठाच नसतो.

माझी फजिती एका गिरवण्याच्या धड्यात झाली. रस्ता सांगायचा होता: 'चर्च बाजाराच्या मागे आहे.' जर्मनमध्ये चर्चला 'किर्ह्यऽ' आणि चेरीच्या फळाला 'किर्शऽ'. फरक एवढाच की पहिल्यात मधे 'ह्या' म्हणताना सुरुवातीला जी हवा निसटते ती आहे, आणि दुसऱ्यात सरळ 'श' आहे. (शिकवण्यांच्या वह्यांत बहुतेक जण दोन्हीला 'श'च लिहितात, मीही लिहायचो. मराठी माणसाने 'ह्या', 'ह्यांना' आठवावं, अर्धं काम तिथेच होतं.) मी दोन्हींत फरक करून म्हणत होतो, निदान मला तसं वाटत होतं. बाईंना दर वेळी चेरीच बाजाराच्या मागे उभी दिसत होती. त्या स्वतः म्हणून दाखवत तेव्हा मलाही दोन्ही सारखंच ऐकू येई. रस्ता दोन्हीकडून अरुंद! मी जे ऐकलं तेच म्हणत होतो आणि तेच चूक ठरत होतं.

इलाज फुकटाचा आहे. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकरला इअरफोन राहू द्या आणि मायक्रोफोनच्या जागी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. इअरफोन लगेच रुंद रस्त्यावर परततो. काही विंडोजमध्ये एकाच इअरफोनची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. हँड्स-फ्रीला हात लावू नका. पंखा जोरात असेल आणि लॅपटॉपचा माइक तो पकडत असेल तर दुसरा उपाय म्हणजे साधा वायरचा इअरफोन. माझ्या खणात जुन्या मोबाइलबरोबर आलेला एक पडला होता, त्याने काम झालं. जावयाने वाढदिवसाला पाठवलेले महागडे ब्लूटूथवाले आता फक्त सकाळच्या चालण्याला. अगदी नव्या पिढीच्या ब्लूटूथमध्ये हा घोळ सुधारला आहे म्हणतात, पण त्यासाठी इअरफोन आणि लॅपटॉप दोन्ही नवे लागतात. तुमचे तसे आहेत का, ते अभंगच सांगेल.

साल, शाल, खाल

वायर बदलल्यावर खरंच फरक पडला की मनाचे खेळ, हे मोजायला हवं. जर्मन शब्द घेऊन मोजलं तर जिभेचा दोष आणि लाइनचा दोष पुन्हा एकत्र होतील. म्हणून मोजमाप मराठीत घ्यायचं. मराठीत आपली जीभ चुकत नाही, तेव्हा जे चुकेल ते लाइनचं.

पुण्याच्या बहिणीला झूमवर बोलावलं. तिला सांगितलं, मी वीस शब्द म्हणेन, ऐकू येईल ते लिही, अंदाज करू नको. शब्द असे की फक्त पहिलं व्यंजन वेगळं: साल, शाल, खाल, हाल, फाल. आधीमागे कसेही, मधेच तोच शब्द दोनदा. मग दुसरी यादी, फक्त शेवटचं व्यंजन वेगळं: काम-कान, राम-रान, दाम-दान. कॅमेरा बंद ठेवायचा, नाहीतर ओठ वाचून माणूस पास होतो. आम्ही भावंडं दहा मिनिटं 'काम, कान, कान, रान' करत बसलो. तिचे यजमान मधे डोकावून 'ताईची शिकवणी चाललीये का?' विचारून गेले.

ब्लूटूथच्या माइकवर साल-शाल-फालची खिचडी झाली. वायरवर पहिली यादी स्वच्छ आली. पण दुसऱ्या यादीत वायर असूनही ती अडखळत होती: कानाला काम, दानाला दाम. म्हणजे लूपमध्ये अजून एक बिघाड होता, आणि तो शब्दाच्या शेपटीवर बसला होता.

जर्मन शिकणाऱ्याला ही शेपटी फार महागात पडते. तिथे 'डेन' आणि 'डेम' या दोन लहान शब्दांवर विभक्ती ठरते. आपल्याकडे 'ला' आणि 'ने' बदलावं तितका फरक. बाई सांगायच्या 'डेम', मला यायचं 'डे' आणि पुढे काहीतरी गिळलेलं. विभक्त्यांची सगळी तक्ते-पाठांतरं मी केली होती आणि तासात मात्र गोंधळ.

गरबा आणि 'काप्यो छे'

शेपटी खाणारा निघाला तो आवाज साफ करणारा. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मागचा गोंगाट दाबायची सोय असते: ऑटो, लो, मीडियम, हाय. माझ्याकडे ती 'हाय'वर होती. कधी केली ते आठवलं: आदल्या नवरात्रात, लेकीशी बोलताना. बडोद्याचं नवरात्र ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. नऊ रात्री मैदानांवरून ढोल येतो, त्यात आमचं घर दांडिया बाजारात. तेव्हा केलेलं 'हाय' तसंच राहून गेलं.

हा गाळणारा प्रोग्राम माणसाचं बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला याचा अंदाज घेतो. कुकरची शिट्टी, कुत्रं, फोडणी, सगळं उडवतो, आणि ते करताना बोलण्यातले हळू भागही त्याला गोंगाटच वाटतात. शब्दाच्या शेवटचा 'न', 'म', फुसफुशीत 'ह्य', 'फ'. मोठ्याने बोलून उपयोग नाही, कारण मोठ्याने बोललं की स्वर मोठा होतो, शेपटी तेवढीच राहते. 'लो'वर ठेवल्यावर बहिणीला काम-कान नीट आलं. सौं.ची फोडणीही आली, पण बाईंची तक्रार नाही. उलट एकदा त्यांनी मोहरी तडतडल्याचा आवाज कसला म्हणून विचारलं आणि पंधरा मिनिटं आम्ही फोडणीवर बोललो. तितकं सलग जर्मन मी तोवर कधी बोललो नव्हतो.

तर वर्षभर 'लो', आणि दोनच वेळा 'हाय': नवरात्र आणि उत्तरायण. चौदा-पंधरा जानेवारीला गच्चीगच्चीवर स्पीकर, पिपाण्या आणि पतंग कापला की 'काप्यो छे!' अशा दिवशी जमलं तर मी तासच पुढे ढकलतो. बडोद्यात राहून उत्तरायणाला जर्मन शिकणारा माणूस शेजारच्या भाईंना तोंड दाखवू शकत नाही. गूगल मीटवर असाल तर तिथे नॉइज कॅन्सलेशन नुसतं चालू किंवा बंद असतं. शांत खोलीत बंद करून बघा.

दुधाची वेळ

एवढं करूनही एक दुखणं उरलंच. साडेसहाला तास सुरू व्हायचा, आणि पावणेसातनंतर कधीतरी दोन-तीन मिनिटं आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. मग आपोआप बरा. रोज तीच वेळ. कंपनीला फोन केला की स्पीड टेस्ट करा म्हणत, ती केली की आकडे उत्तम.

स्पीडचा इथे संबंधच नव्हता. बोलण्याला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा पुरतात, चित्रासकट तास घ्यायला साधारण एक मेगाबिट. हल्लीच्या कुठल्याही जोडणीत ते कितीतरी पट असतं. आवाजाला हवी असते सलगता. सिनेमा पाहताना पुढचा भाग आधीच साठवून ठेवलेला असतो, म्हणून मधे लाइन अडखळली तरी कळत नाही. बोलणं साठवता येत नाही. उशिरा आलेला तुकडा फेकून द्यावा लागतो, आणि फेकलेल्या तुकड्यात 'डेम'चा 'म' असतो.

इथेही लूप टप्प्याटप्प्याने. कमांडची काळी खिडकी उघडून आधी घरातल्या राउटरला सतत पिंग लावायचं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघत राहायचं (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पाठीवर लिहिलेला असतो), आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. घरातलंच पिंग उड्या मारू लागलं तर दोष वायफायचा, कंपनीला फोन करून उपयोग नाही. घरातलं शांत आणि बाहेरचं उड्या मारतंय, तर मग फोन करा. भांडायला पुरावा हातात असतो.

माझं घरातलंच उड्या मारत होतं, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून 'टिंग' असा आवाज आला. सूनबाई धाकट्या नातवाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करत होती. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि माझा लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर होता. भट्टीतून जराशी गळती झाली तरी वायफायची ती पट्टी गढूळ होते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर जावं तर जुन्या घराच्या दीड-दीड फुटी भिंती तिला आरपार जाऊ देत नाहीत. शेवटी राउटरपासून टेबलापर्यंत भिंतीच्या कडेने लॅनची केबल ओढली. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, मला चौदा पुरली. केबल टाकता येत नसेल तर निदान त्या तासापुरतं टेबल राउटरच्या खोलीत न्या. आणि दूध पातेल्यात.

वीज गेली तर राउटर बंद पडू नये म्हणून छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट बघून घ्या, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे लोक विसरतात. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कसलाच यूपीएस कामी आला नाही. आठवडाभराने तासाला बसलो आणि बाईंना कारण सांगितलं: पाणी, वीज नाही, रस्त्यावर मगरी. जर्मनमध्ये मगरीला 'क्रोकोडील'च म्हणतात. बाई हसून म्हणाल्या, 'नॉख माल, बिटऽ.' मी पुन्हा म्हटलं. त्यांना वाटलं मी शब्द चुकतोय, आणि त्या मला कुत्रा-मांजराची चित्रं दाखवू लागल्या. शेवटी फोनवरची बातमी कॅमेऱ्यासमोर धरली. त्या दिवशी लूपमध्ये, जिभेत, कुठेच दोष नव्हता.

सगळ्यांनी एकदम म्हणू नका

आमच्या लहानपणी शाळेत पाढे एका सुरात म्हणायचे. बाईंनाही तीच हौस: सहा विद्यार्थी, सगळे मिळून 'आइन्स, त्स्वाय, द्राय'. ऑनलाइन हे होऊच शकत नाही, कितीही चांगली लाइन असली तरी. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, आणि बडोदा ते जर्मनी सहा हजारांहून जास्त किलोमीटर, तेही तारेच्या वळणाने. त्यात राउटर, सर्व्हर, आवाजाचे गठ्ठे बांधणं-सोडणं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुखाचं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. संभाषण सुखाचं होईल, पण समूहगान नाही. प्रत्येकाचा 'आइन्स' वेगळ्या वेळी पोचतो आणि ॲप त्यातला एकच उचलून बाकीचे दाबतं. समूहात म्हणायला सांगितलं की माइक बंद करून म्हणा. तोंडाला सराव तेवढाच होतो.

आणखी एक खास आपली खोड. समोरचा बोलत असताना आपण 'हं... हं... बरं... हो का' करत राहतो. ते न करणं उद्धटपणा वाटतो. पण स्पीकरवर ऐकत असाल तर प्रतिध्वनी दाबणारा प्रोग्राम तुमचं 'हं' ऐकून क्षणभर बाईंचा आवाज कापतो. माझे 'हं' गेले आणि निम्मी वाक्यं परत आली. झूममध्ये माइक बंद ठेवून बोलताना स्पेसबार दाबून धरायचा, सोडला की पुन्हा बंद. मान हलवा हवी तेवढी.

दोष बाईंच्या टोकाला असला तर सांगायचं कसं, हा प्रश्न शिष्टाचाराचाही आहे. त्यांनी ऐकण्याचा धडा स्क्रीनवर लावला आणि तुम्हाला चित्र दिसतंय पण आवाज दबका, तुटका येतोय, तर त्यांनी स्क्रीन देताना 'शेअर साउंड'च्या चौकोनात खूण केलेली नाही. आवाज त्यांच्या स्पीकरमधून बाहेर पडून माइकमधून परत आत येतोय. हे दर तिसऱ्या तासाला होतं आणि सगळे विद्यार्थी माना डोलावत गप्प बसतात. मी एका चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवली आहेत. 'देअर टोन इस्ट वेक', आवाज गेला. 'डास बिल्ट इस्ट आइनगेफ्रोरन', चित्र गोठलं. आणि माझं लाडकं, 'एस रुकल्ट', म्हणजे अडखळतंय. बडोद्याच्या मराठीत आम्ही हिंदी-गुजरातीच्या संगतीने 'रुकलं' म्हणतोच, तेव्हा हे पाठ करावं लागलं नाही.

अडीच की साडेतीन

तास चुकण्याचं दुखणं वर्षातून दोनदा येतं आणि दर वेळी नव्याने फसवतं. जर्मनीचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. त्यामुळे उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तिथल्या दुपारच्या तीनचा तास उन्हाळ्यात आपल्या साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला. २०२४ मध्ये हा रविवार २७ ऑक्टोबरला आला, आणि पुढचा मंगळवार धनत्रयोदशीचा. दिवे लावायचं टाकून मी साडेसहाला लॅपटॉपसमोर. सातपर्यंत वाट पाहिली, चिडून उठलो. साडेसातला बाई आल्या, त्यांनी अर्धा तास वाट पाहिली.

कॅलेंडरमध्ये तास स्वतः टाकताना वेळेच्या पट्ट्यात भारत न ठेवता बर्लिन निवडा आणि तिथले तीन लिहा. मग ते आपोआप सरकतं. फ्रान्स, स्पेन, इटलीलाही त्याच रविवारी बदल होतो. समोरची मुलगी जपानी शिकते, तिला ही कटकट नाही. जपान बारा महिने आपल्यापुढे साडेतीन तास. अमेरिकेतला शिक्षक असेल तर त्यांचे रविवार वेगळे आहेत: मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला.

घड्याळ बरोबर असूनही एकदा चुकलो, तो दोष मात्र अस्सल भाषेचा. बाई म्हणाल्या, शुक्रवारी 'हाल्प द्राय'ला भेटू. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी धरलं साडेतीन. जर्मनमध्ये त्याचा अर्थ तिसरा तास अर्धा, म्हणजे अडीच! चरफडत घरी सांगितलं तर सौ., ज्यांनी एम.ए.ला संस्कृत घेतलं होतं, शांतपणे म्हणाल्या, 'अहो, अडीच म्हणजे तरी काय? अर्धतृतीय. तिसरा अर्धा.' आपला 'अडीच' त्याच हिशेबाने झालेला शब्द आहे. तेव्हापासून हाल्प द्राय चुकलेलं नाही.

टिंबं आणि बाकीचं किरकोळ

लेखी उत्तर बरोबर असूनही लाल फुली येत असेल तर अक्षरावरची दोन टिंबं राहिली असतील. फोनवर ते अक्षर दाबून धरलं की टिंबांचं येतं. विंडोजवर ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांनी ०२२८, ०२४६, ०२५२ दिले की टिंबांचे ए, ओ, यू येतात, ०२२३ ला दुहेरी एस. जर्मन कीबोर्डच घेतलात तर झेड आणि वाय यांच्या जागा उलट असतात, पासवर्ड टाकताना रडवतात. फोनची इंग्रजी दुरुस्ती तेवढ्यापुरती बंद करा. 'मी' या अर्थाचा शब्द लिहिला की ती त्याचा 'इंच' करते, आणि माझ्या पहिल्या निबंधात मी पानभर इंच होतो.

लिंक उघडते पण 'थांबा' एवढंच दिसतं, असं झालं तर वर कोपऱ्यात बघा, मुलाच्या नावाने तर आत गेला नाहीत ना. बाई अनोळखी नावाला आत घेत नाहीत. आणि बरोबर चाळिसाव्या मिनिटाला सगळे बाहेर फेकले जात असतील तर तो बिघाड नाही, झूमची फुकट मीटिंग तेवढीच असते. त्याच लिंकवर पुन्हा या.

एवढं सगळं आवरल्यावर जे उरलं ते माझं. ओठांचा चंबू करून 'ई' म्हणायचा तो स्वर अजून येत नाही, नात फोनवर हसते. काही गोष्टी मात्र आयत्या मिळाल्या. तो-ती-ते असल्यामुळे तीन लिंगांची धास्ती नव्हती. एकवीस म्हणजे 'एक आणि वीस' असा त्यांचा उलटा आकडा आपल्याला सुलटाच. आणि आगगाडीला ते जे म्हणतात ते हुबेहूब आपलं 'चूक', चमच्यातला च, चहातला नव्हे. ब्लूटूथवर बाईंना ते 'तूक' ऐकू यायचं आणि त्या मला दर वेळी थांबवायच्या. वायर लावल्याच्या पहिल्या मंगळवारी मी म्हटलं, 'चूक उशिरा आली,' आणि त्यांनी विचारलं, एवढ्या चार दिवसांत उच्चार कुठे शिकलात?

कालच्या तासाला पुन्हा एकदा आलं, 'नॉख माल, बिटऽ.' मी माइक पाहिला. केबल हलवून पाहिली. पिंगची खिडकी पाहिली. सगळं ठीक होतं. मग ओठांचा चंबू केला आणि पुन्हा म्हटलं.